देव न मानणाऱ्याने शपथ कुणाची घ्यायची?

मंत्रिमंडळाचा शपथविधी टीव्हीवर चालू असतो. एक जण ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ म्हणतो, दुसरा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की’ म्हणतो. मग घरातले कुणीतरी हमखास विचारते : जो देवच मानत नाही, त्याच्या शब्दाचा भरवसा काय? त्यामागोमाग आणखी दोन प्रश्न येतात. धर्मनिरपेक्ष सरकार म्हणजे देव न मानणाऱ्यांचे सरकार का? आणि नास्तिकांना नेमके हवे तरी काय असते? या प्रकरणात आपण तिन्ही प्रश्नांची उत्तरे क्रमाने शोधू.

१. तीन वेगळे प्रश्न

उत्तरांकडे वळण्याआधी त्यांच्या मुळाशी असलेले तीन प्रश्न सुटे करून घेऊ. ‘देव आहे का?’ हा पहिला प्रश्न श्रद्धेचा आहे. देव नाही असे मानणारा तो नास्तिक. देव आहे की नाही हे ठरवण्याचे साधनच माणसापाशी नाही, असे म्हणणारा तो अज्ञेयवादी.

‘माझा धर्म कोणता?’ हा दुसरा प्रश्न आपलेपणाचा आहे. त्यात घर, नातीगोती, सणवार, लग्न-मर्तिक सगळे येते. देवावर काडीचा विश्वास नसलेली कितीतरी माणसे दिवाळीला फराळ करतात आणि आरतीला टाळ्याही वाजवतात. याच्या उलटही घडते. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे काही अर्जदार आले होते. त्यांची येशू ख्रिस्तावर श्रद्धा होती, पण आपण कोणत्याही धर्माचे नाही, अशी राजपत्रात नोंद व्हावी असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी मुद्रणालयाने नकार दिला. न्यायालयाने मात्र निर्वाळा दिला की ‘मी कोणत्याच धर्माचा नाही’ असे सांगण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद २५ मधल्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यातच येतो. अर्जदार नास्तिक नव्हते, पण हा निकाल नास्तिकांच्याही कामी येतो.

‘सरकारने धर्माच्या बाबतीत कसे वागावे?’ हा तिसरा प्रश्न राज्यकारभाराचा आहे.

यातल्या एका प्रश्नाचे उत्तर कळले म्हणून बाकीच्या दोहोंची उत्तरे आपोआप कळत नाहीत. महात्मा गांधी रोज प्रार्थना करणारे, ओठांवर रामनाम असणारे गृहस्थ. सोमनाथ मंदिराच्या उभारणीचा विषय निघाला तेव्हा सरकारी तिजोरीतून त्यासाठी पैसा जाऊ नये, असे त्यांचे मत होते. विनायक दामोदर सावरकर कर्मकांड झिडकारणारे आणि गाय हा उपयुक्त पशू आहे असे बजावणारे लेखक. त्यांचे राजकारण मात्र हिंदुराष्ट्राचे होते. सश्रद्ध माणूस सरकारला धर्मापासून दूर ठेवू पाहतो आणि बुद्धिवादी माणूस राष्ट्राची उभारणी धर्मसमूहावर करतो, असे दोन्ही घडू शकते. त्यामुळे नास्तिक आणि धर्मनिरपेक्ष यांची एकच मोट बांधली की पुढची सगळी चर्चा घसरते.

२. शंका जुनी, उत्तरही जुने

देव न मानणाऱ्याच्या शब्दाचा भरवसा काय, हा प्रश्न आपल्या दिवाणखान्यात जन्मलेला नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८९ साली धार्मिक सहिष्णुतेवर एक गाजलेले पत्र प्रसिद्ध केले. सरकारने लोकांच्या आत्म्याची काळजी वाहू नये, वेगवेगळ्या पंथांना आपापल्या रीतीने उपासना करू द्यावी, असे सांगणारा हा उदार माणूस. तरीही नास्तिकांना सवलत द्यायला तो तयार नव्हता. त्याचे कारण असे : वचन, करार आणि शपथ यांवर समाज चालतो, आणि देवाचे भय नसलेल्या माणसाला शपथ बांधून ठेवू शकत नाही.

याचे उत्तर लॉकच्या आधीच सात वर्षे पिएर बेल या फ्रेंच विचारवंताने देऊन ठेवले होते. १६८२ सालच्या धूमकेतूविषयक ग्रंथात तो म्हणतो, माणसे आपल्या तत्त्वांप्रमाणे वागतात हा समजच खरा नाही. देव मानणारे खून, चोरी, फसवणूक करताना दिसतात, म्हणजे नुसती श्रद्धा माणसाला आवरत नाही. माणसाला आवरतात त्या सवयी, लोकलज्जा, कायदा आणि स्वभाव. मग नास्तिकांचा समाजही सचोटीने चालू शकेल.

एक उदाहरण घेऊन पाहू. जमिनीच्या दाव्यात दोन साक्षीदार उभे आहेत. पहिला देवाची शपथ घेतो, दुसरा दृढकथन करतो. आता वकील काय करतो? तो दोघांचीही उलटतपासणी घेतो. सातबारा दाखवतो, तारखा विचारतो, आधीच्या जबाबातली विसंगती पुढे ठेवतो. पहिल्याने देवाचे नाव घेतले म्हणून त्याला प्रश्न विचारायचे कुणी सोडत नाही. खोटे बोलल्याचे सिद्ध झाले तर गुन्हाही दोघांना सारखाच लागतो. न्यायालय साक्ष तपासते ती पुराव्याने. साक्षीदाराची भक्ती तिथे मोजली जात नाही. भारतात १९६९ च्या शपथ कायद्याने साक्षीदाराला शपथेऐवजी दृढकथनाची मुभा दिली आहे, आणि त्यामुळे साक्षीचे वजन तसूभरही कमी होत नाही.

आपल्याकडची उदाहरणेही बेलच्या बाजूने बोलतात. गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते. भरपूर पगाराच्या नोकरीचा मोह सोडून त्यांनी बेताच्या वेतनावर शिक्षणाचे काम पत्करले आणि १८९५ साली अवघ्या ३९ व्या वर्षी ते गेले. र. धों. कर्वे कट्टर बुद्धिवादी. संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी खटले झाले, तरी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालवले. या दोघांच्या मतांशी भांडता येईल, सचोटीशी नाही. यावरून नास्तिक जात्याच सज्जन ठरत नाहीत. एवढेच दिसते की सचोटी पारखायला श्रद्धा हे माप पुरत नाही.

३. सहा वर्षे दाराबाहेर

ही गोष्ट कायद्यात उतरायला मोठी झटापट करावी लागली, ती ब्रिटनमध्ये. चार्ल्स ब्रॅडलॉ हा तिथला नावाजलेला नास्तिक. १८६६ साली त्याने नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली होती. १८८० साली नॉर्दम्प्टन मतदारसंघातून तो निवडून आला आणि देवाच्या शपथेऐवजी आपल्याला दृढकथन करू द्या, असे म्हणाला. सभागृहाने नकार दिला. बरे तर, शपथ घेतो, असे तो म्हणाला. तेव्हा तुझा देवावर विश्वासच नाही, मग तुझी शपथ पोकळ, असे सांगून तोही मार्ग बंद केला. थोडक्यात, दृढकथनाला परवानगी नाही आणि शपथेला पात्रता नाही!

ब्रॅडलॉ हटला नाही. एक रात्र त्याला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडले. १८८१ साली त्याला धक्के मारून बाहेर काढले. १८८२ साली त्याने खिशातून बायबलचा नवा करार काढला आणि स्वतःच स्वतःला शपथ देऊन टाकली, तर सभागृहाने त्याला बडतर्फ केले. त्याची जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक व्हायची आणि नॉर्दम्प्टनचे मतदार पुन्हा त्यालाच निवडून द्यायचे. १८८० ते १८८५ या काळात तो तिथून पाच वेळा निवडून आला. त्याच्या मतदारांतले बहुसंख्य काही नास्तिक नव्हते, पण आपला प्रतिनिधी आपण निवडणार, त्याची श्रद्धा तपासणारे सभागृह कोण, हा त्यांचा सवाल होता.

पंतप्रधान ग्लॅडस्टन हे अत्यंत धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते. तरीही १८८३ साली त्यांच्याच सरकारने दृढकथनाची मुभा देणारे विधेयक आणले आणि ते स्वतः त्याच्या बाजूने बोलले. कोणता देव ते विचारायचे नाही, कसला तरी देव मानला की झाले, अशी अट ख्रिस्ती धर्माचे काय रक्षण करते, असा त्यांचा मुद्दा होता. शिवाय अन्यायाशी धर्माचे नाव जोडले गेले तर नुकसान धर्माचेच होते, हेही त्यांनी सांगितले. विधेयक तीन मतांनी पडले. अखेर जानेवारी १८८६ मध्ये, नव्या सभागृहात, निवडून आलेला सदस्य आणि त्याची शपथ यांच्यामध्ये कुणालाही येऊ देणार नाही, असे सभापतींनी ठरवले आणि ब्रॅडलॉ आत गेला. दोन वर्षांनी, १८८८ साली, त्याच्याच प्रयत्नाने दृढकथनाचा हक्क सर्वांना देणारा कायदा झाला.

या माणसाचे मुंबईशीही नाते आहे. भारताच्या प्रश्नांवर तो पार्लमेंटमध्ये इतके बोलायचा की लोक त्याला ‘भारताचा खासदार’ म्हणू लागले. १८८९ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाला तो आला होता. जानेवारी १८९१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारे तरुण मोहनदास गांधीही गेले होते. नास्तिकपणाविषयी त्यांचे मत त्यामुळे काही अनुकूल झाले नाही, हे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे लिहिले आहे. आदर ठेवायला मते जुळावीच लागतात असे नाही.

४. देवाला मतास टाकू नका

आता आपल्या घटना समितीत येऊ. तारीख १७ ऑक्टोबर १९४९. चर्चा उद्देशिकेची. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली : सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. कामत मनापासून श्रद्धाळू होते, आणि ज्या देशात घरोघरी देव्हारा आहे तिथे ही मागणी गैर नाही, असे कुणालाही वाटेल.

विरोध कुणी केला ते पाहण्यासारखे आहे. त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै स्वतः देव मानणारे. पण श्रद्धेची सक्ती होता कामा नये, आणि घटनेने दिलेल्या स्वातंत्र्यात देव न मानण्याचेही स्वातंत्र्य येते, असे ते म्हणाले. हृदयनाथ कुंझरू यांचा आक्षेप असा की, उद्देशिका सर्वांना विचार, विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य देते आणि तिच्या पहिल्याच ओळीत एक श्रद्धा सर्वांच्या वतीने लिहायची, हे त्या आश्वासनाच्या विरुद्ध आहे. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनवले की देवाला मतास टाकण्याची पाळी सभागृहावर आणू नका. कामत मागे हटले नाहीत. मतदान झाले : बाजूने ४१, विरोधात ६८.

ही ६८ मते नास्तिकांची नव्हती. समितीत उघड नास्तिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. ज्यांच्या घरी पूजा, नमाज, प्रार्थना चालत होती अशा बहुसंख्यांनी आपला देव सरकारी कागदावर न घालण्याचे ठरवले. पदाच्या शपथेचा प्रश्नही असाच सुटला. तिसऱ्या अनुसूचीत दोन्ही नमुने शेजारी शेजारी आहेत आणि निवड शपथ घेणाऱ्याची.

पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत आला. तो काढून टाकावा यासाठी केलेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. पण शब्द यायच्या कितीतरी आधी, ४१ विरुद्ध ६८ या मतदानात, ती भूमिका दिसली होती.

५. सोसायटीचा मेंटेनन्स आणि गणपतीची वर्गणी

धर्मनिरपेक्ष सरकार म्हणजे नेमके काय, हे चाळीस घरांच्या सोसायटीवरून समजून घेऊ. प्रत्येक घर दरमहा ३,००० रुपये मेंटेनन्स देते. महिन्याला १,२०,००० रुपये जमतात. त्यातून पाणी, लिफ्ट, रखवालदार यांचा खर्च भागतो. आता समितीने ठरवले की गणेशोत्सवाचे एक लाख रुपये याच खात्यातून काढायचे. म्हणजे दर घरामागे २,५०० रुपये झाले. ते मुसलमान शेजारी देतो, ख्रिस्ती देतो, नास्तिक देतो, आणि ज्याचा गणपती गावच्या घरी बसतो तोही देतो. त्यापेक्षा वर्गणीचे वेगळे पावतीपुस्तक काढले तर उत्सव थाटात होतो आणि कुणाच्या खिशात हातही जात नाही. आपल्या बहुतेक सोसायट्या हेच करतात.

समितीला आणखी तीन पथ्ये पाळावी लागतील. हॉल द्यायचा तर सत्यनारायणाला, इफ्तारला, नाताळला आणि बुद्धिवाद्यांच्या व्याख्यानाला एकाच भाड्याने द्यायचा. कुणी घरात देव्हारा ठेवावा की नाही, यात समितीने नाक खुपसायचे नाही. आणि मांडवामुळे अग्निशामक गाडीची वाट अडत असेल तर मांडव कुणाचाही असो, हलवायचा.

घटनेत हीच चार पथ्ये दिसतात. अनुच्छेद २७ सांगतो की विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कुणालाही कर द्यायला भाग पाडता येणार नाही. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला, तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय प्रार्थनेला बसवता येत नाही. अनुच्छेद २५ श्रद्धा आणि उपासनेचे स्वातंत्र्य देतो, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. समान वागणूक अनुच्छेद १४ आणि १५ मध्ये आहे.

प्रत्येक देशाने ही पथ्ये आपापल्या परीने पाळली. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने कोणत्याही पंथाला मान्यता, पगार वा अनुदान द्यायचे नाही असे ठरवले. मात्र त्या वेळी जर्मनीकडे असलेल्या अल्सास-मोझेल भागात आजही धर्मगुरूंना सरकारी पगार मिळतो. अमेरिकेत मेरीलँड राज्याने नोटरीच्या पदासाठी ‘देव मानतो’ असे लिहून मागितले होते. १९६१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट एकमताने रद्द केली. ब्रिटनमध्ये चर्च आजही अधिकृत आहे आणि २६ बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात. तरीही इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत ३७ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ असे नोंदवले.

आपली रीत याहून गुंतागुंतीची आहे. आपले सरकार धर्माच्या भिंतीबाहेर उभे राहत नाही, आतही शिरते. कधी हे आवश्यक होते. अनुच्छेद २५ राज्याला हिंदू मंदिरे सर्व जातींना खुली करण्याचा अधिकार देतो. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले होते, ते काही नास्तिक नव्हते. पण कधीकधी मेंटेनन्स आणि वर्गणी यांची खाती मिसळतात. आषाढी एकादशीला पंढरपुरात मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात. हज यात्रेला दिले जाणारे अनुदान २०१८ साली बंद होईपर्यंत सरकारी तिजोरीतून जात होते. या अनुदानाच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले की कराचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी खर्च झाला तरच अनुच्छेद २७ चा भंग होतो. नास्तिकांना हे पटत नाही. हिस्सा लहान असला तरी पैसा सर्वांचा आहे, असे ते म्हणतात, आणि महापूजा व हज अनुदान या दोन्हींना एकच फूटपट्टी लावतात. यातल्या एकाच गोष्टीवर टीका करणारा माणूस नास्तिक असो वा आस्तिक, तो धर्मनिरपेक्षतेची बाजू मांडत नसतो.

६. मग सरकारच नास्तिक का असू नये?

हा प्रयोगही होऊन गेला आहे. हुकूमशहा एन्व्हर होजाच्या अल्बानियाने १९६७ साली आपण जगातले पहिले नास्तिक राज्य असल्याचे जाहीर केले. मशिदी आणि चर्च बंद केली, कित्येक पाडली, कित्येकांची गोदामे केली. धर्मगुरूंना तुरुंगात घातले, काहींना ठार मारले. १९७६ च्या राज्यघटनेने राज्य कोणताही धर्म मानत नाही आणि नास्तिकतेचा प्रचार करते, असे लिहून टाकले. १९९० च्या अखेरीस बंदी उठली आणि माणसे उरल्यासुरल्या मशिदी-चर्चमध्ये परतली. तेवीस वर्षांच्या बंदीने लोकांची श्रद्धा गेली नव्हती, ती फक्त घरात लपली होती.

सोसायटीच्या भाषेत, समितीने घरोघरी जाऊन देव्हारे उचलले. मेंटेनन्समधून गणपती बसवणे आणि घरातला गणपती उचलणे या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. दोन्हींत समिती स्वतःचे उत्तर सर्वांवर लादते. म्हणून विचारी नास्तिक नास्तिक सरकार मागत नाहीत. त्यांना असे सरकार हवे असते जे या प्रश्नाचे उत्तरच देत नाही.

७. नास्तिकांचे मागणे

२०११ च्या जनगणनेत आपण नास्तिक असल्याचे स्वतःहून नोंदवणारे देशभरात सुमारे ३३ हजार होते, आणि त्यांत सर्वाधिक, साडेनऊ हजारांहून अधिक, महाराष्ट्रात. धर्म न सांगणारे सुमारे २९ लाख. आकडे लहान आहेत, मागण्याही साध्या आहेत.

पहिली मागणी कागदाची. अर्जावर धर्माचा रकाना असेल तर ‘नाही’ लिहिण्याची सोय हवी. दुसरी मागणी लग्नाची. १८७२ च्या नोंदणी विवाहाच्या कायद्यात वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याच धर्माचे नाही, असे जाहीर करावे लागे. म्हणजे विधी नको असेल तर धर्मच सोडा! १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ही अट काढली. मात्र तीस दिवस आधी नोटीस लावण्याची अट उरली आहे, आणि घरच्यांच्या विरोधात लग्न करणाऱ्यांना ती जाचक ठरते. तिसरी मागणी टीकेच्या स्वातंत्र्याची. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षे झगडले, तो त्यानंतर चार महिन्यांत संमत झाला. तो कायदा नरबळी, अघोरी उपचार, फसवणूक यांना गुन्हा ठरवतो. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा, उपासना यांना तो हात लावत नाही, आणि तसे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. नास्तिक विचाराच्या माणसाने आस्तिकांच्या विधानसभेकडून मिळवलेला हा कायदा आहे.

आस्तिक आणि नास्तिक यांना शपथेपुरते तरी एकत्र येता येते, हे सेवाग्रामने दाखवले आहे. आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा यांनी आपल्या मुलीचे जातिभेद मोडणारे लग्न आश्रमात करायचे ठरवले, तेव्हा त्या विधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचे नाव घेऊ, असे गांधीजींनी कबूल केले होते. ते लग्न गांधीजींच्या हत्येनंतर मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामलाच झाले.

पुढच्या वेळी सरकारचा एखादा निर्णय धर्मनिरपेक्ष आहे की नाही असा वाद ऐकाल, तेव्हा एक कसोटी लावून पाहा. निर्णयातल्या धर्माचे नाव बदलून तिथे दुसऱ्या धर्माचे नाव घाला. मग तेही काढून नास्तिकांच्या संघटनेचे नाव घाला. तिन्ही वेळा तुमचे उत्तर तेच राहिले, तर तुमचा न्याय खरा. उत्तर बदलले, तर तुम्ही बोलत होता ते आपल्या माणसांच्या बाजूने.